अर्धी लाल, अर्धी निळी

दादा, टॅग काढाले ये.

बाकी सगळं उरकलं. तेरवी झाली, गोंदियाचे पाहुणे गेले, वहिनीच्या माहेरचे गेले, अंगणातला मांडव उतरला. सेक्टर दोनच्या तुझ्या क्वार्टरमधी आता फक्त कूलरचा आवाज आहे. अन् मागच्या खोलीत, तुझ्या टेबलावर, आपली रिमोटची बग्गी पडून आहे. समोरून लाल, मागून निळी. तिच्या स्विचले तुझा लाल टॅग लटकून आहे: काम चालू आहे, चालू करू नये. खाली तुझं नाव अन् टोकन नंबर. लोकं तुझ्या फोटोले हार घालून रडत होते, अन् मी दारात उभी राहून त्या टॅगकडे पाहत दात खात होती. हो, दात खात होती. रडली मी नंतर. आधी राग आला, अन् तो अजून गेला नाही.

हा टॅगचा नियम तूच माझ्या डोक्यात ठोकला. मी आयटीआय करून स्टील प्लांटच्या मोटर रिपेअर शॉपमधी लागली, तो पहिला दिवस. तू मिलमधला फिटर, सुटी टाकून आला होता मले गेटपर्यंत सोडाले. तिथंच उभ्या उभ्या सांगतलं, "कुंदे, मशीनले हात लावाच्या आधी स्विच बंद कराचा अन् त्याच्यावर आपल्या नावाचा टॅग लावाचा. ज्यानं लावला त्यानंच काढाचा. मोठा साहेब आला तरी दुसऱ्यानं हात नाही लावाचा." मी विचारलं, कावून? तू म्हणाला, "कारण त्या मशीनच्या आत माणूस असू शकते, भैताड."

अन् हा नियम तू माझ्या लग्नात पाळला. विसरली नाही मी. आदल्या दिवशी कन्व्हेयरवर टॅग लावून आला अन् लग्नाच्या गडबडीत काढाचा राहून गेला. इकडे मंगलाष्टकं सुरू, तिकडे हॉलच्या दाराशी प्लांटची जीप. ड्रायव्हर हात जोडून म्हणते, मुरलीभाऊ, लाइन थांबून आहे. दुसरा कोणी असता तं म्हणाला असता, बाबारे, बहिणीचं लग्न आहे, तिथं कोणी आत नाही, काढून टाका. तू नाही. तू फेटा काढून माझ्या पाटापाशी ठेवला अन् गेला. कानपिळीले नवरदेवाचा कान पिळाले भाऊ नाही! शेवटी मामाच्या पोरानं पिळला, तोही भीत भीत. तू परत आला तेव्हा पंगत उठली होती, अन् तुझ्या नव्या शर्टाच्या बाहीले ग्रीस लागलं होतं. मी सासरी जाताना तुझ्याशी बोलली नाही. वहिनी मधी पडली म्हणून तुझ्या पाया पडली.

म्हणजे बहिणीच्या मांडवातून उठून टॅग काढाले जाणारा माणूस तू. मंग आता काय झालं? आता ये.

घरातही तुझे टॅग. प्लांटचा टॅग घरच्या कामाले वापरणं तुझ्या जिवावर याचं, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून, लाल रंग मारून, तू स्वतःचे टॅग बनवले होते. पुढं नाव अन् नंबर, मागं कारण अन् तारीख. मिक्सरवर टॅग. पाण्याच्या मोटरवर टॅग. एका मे महिन्यात कूलरले टॅग लावून तू ड्युटीवर गेला, अन् वहिनी बिचारी दिवसभर पुठ्ठ्यानं वारा घेत बसली, पण स्विचले हात नाही लावला. मी तिले म्हटलं, "वहिनी, लावा चालू, कोण पाहाले येते?" तं म्हणते, "नको बाई, त्यांचा टॅग आहे." असं करून ठेवलं होतं तू माणसांना.

अन् बग्गी. सहा वर्षं झाली असतील. तुमच्या मिलचे एक साहेब बदली होऊन गेले, अन् जाताना घर रिकामं करताना दोन मोडक्या रिमोटच्या गाड्या कबाड्याच्या ढिगात टाकत होते. तू उचलून आणल्या. लाल गाडीचं मागचं धड चेपलं होतं. निळीचं समोरचं गियरबॉक्सचं खोकं फुटलं होतं. तू मले फोन केला, "कुंदे, ये लवकर. दोन मेल्या आहेत, एक जिती होते." मी स्मृती नगरहून स्कूटीवर आली तं तू दोन्ही गाड्या पेपरवर मांडून, हात बांधून पाहत बसला होता. पन्नाशीचा माणूस! वहिनी म्हणाली, सकाळपासून असेच बसून आहेत, चहा थंड झाला दोनदा.

लालीचं समोरचं अन् निळीचं मागचं जोडाचं, हे ठरलं. पण एकीचे स्क्रू इंचातले, दुसरीचे मिलिमीटरमधले. एकीची प्लेट सरळ, दुसरीची समोरून उचललेली. तू पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून अॅल्युमिनियमची पट्टी आणली, आरीनं कापली, कानशीनं घासली, सगळी छिद्रं नव्यानं पाडली अन् दोन्ही गाड्या एका पाठीवर आणल्या. किती महिने लागले! मी म्हणाची, दादा, एवढ्यात तं तुमच्या मिलचं ओव्हरहॉलिंग होते. तू म्हणाचा, "तिथं ड्रॉइंग असते वं. इथं मीच ड्रॉइंग."

दोन्हींच्या मोटरी जळलेल्या होत्या. त्यातली एक तू चुन्याच्या डबीत घालून माझ्या घरी आणली अन् जेवणाच्या टेबलावर ठेवली. "बांध." शॉपमधी मी ज्या मोटरी बांधते त्या म्हशीएवढ्या. ही लिंबाएवढी. आत लोखंडाचे बारा दात, दर दाताले तारेचे पाच फेरे, तार केसापेक्षा थोडी जाड. मी चष्मा लावून तीन रविवार बसली. बोटं कापली. वार्निश मारून गच्चीवर उन्हात वाळवली. पहिल्यांदा बॅटरी लावली अन् ती फिरली, तेव्हा तू कान तिच्याजवळ नेला. तिचा आवाज ऐकत राहिला. मंग म्हणाला, "बाबा आज पाहाले असाले पाहिजे होते." एवढंच.

बाबा म्हणाचे, पोरीनं आयटीआय काय कराची, तारा बांधाची कामं गड्याची. तू मधी उभा राहिला. माझा हात धरून त्यांच्यासमोर धरला अन् म्हणाला, "बाबा, हिचे हात पाहा अन् मंग बोला." माझी नोकरी, माझं घर, नवरा गेल्यावर कोणासमोर हात न पसरता काढलेली ही आठ वर्षं, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे दादा. तुले हे माहीत होतं. अन् तरी तू बोरसीच्या मैदानात तसं बोलला. म्हणून मी चिडली. दुसऱ्या कोणी बोललं असतं तं मी थुंकली असती त्याच्या नावानं अन् विसरली असती.

बोरसीच्या त्या मैदानात साहूनं मुरूम टाकून रेसचा ट्रॅक बनवला. साहू म्हणजे टायरचं दुकान असलेला, तुझा रविवारचा यार. बाकीच्यांच्या गाड्या डब्यातून निघालेल्या, चकचकीत. आपली दोन रंगाची. पहिल्या दिवशी सगळे हसले. मंग वळणावर तिनं दोघांना मागं टाकलं तं साहूनं डोक्यावरचा गमछा काढून हवेत फिरवला. तू रिमोट माझ्या हाती देऊन म्हणाला, "घे, तुझी मोटर तूच पळव." तो रविवार माझ्यापासून कोणी नाही घेऊ शकत. तूही नाही.

मंग साहूनं ट्रॅकवर पाणी मारून रोलर फिरवला. माती घट्ट झाली. अन् आपली मोटर तापाले लागली. एका रविवारी जळालीच. तू म्हणाला, बांध पुन्हा. मी बांधली. पण ह्यावेळी मी गाडी उलटी करून, समोरच्या अन् मागच्या चाकांवर खडूची रेघ मारून, हातानं मोटर फिरवली अन् फेरे मोजले. मागचं चाक दहा फेरे घेते तोवर समोरचं अकरा. लाल गाडीचे गियर वेगळे, निळीचे वेगळे. समोरचं धड पुढं ओढते अन् मागचं त्याले धरून ठेवते, अन् दोघांच्या मधी माझी मोटर मरते. हे मी तुले दाखवलं, तुझ्याच टेबलावर, तुझ्याच खडूनं.

अन् तू काय म्हणाला? "मातीत घसरते, चालते. समोरून ओढते म्हणूनच तं वळणावर फिरते."

मी म्हटलं, "दादा, माती आता घसरत नाही."

तू म्हणाला, "मले शिकवते?"

त्याच्यानंतरचा रविवार. नवी बांधलेली मोटर, चौथा फेरा, अन् बोनेटमधून धूर. साहू उभा, बाकीचे आठ-दहा जण उभे. तू गाडी उचलली, मोटरले बोट लावलं, झटकलं, अन् हसून म्हणाला, "वाइंडिंग कच्ची, काय सांगू साहू. बाईमाणसाच्या हातचं काम."

हसून! मी रिमोट तिथंच मातीत ठेवला, स्कूटी काढली अन् गेली. तू हाक मारली, मी थांबली नाही. ठरवलं, आता फोन तुझा आला पाहिजे. तीस वर्षं बांधतो आहो आम्ही मोटरी, आमच्या शॉपमधून गेलेली मोटर परत नाही येत, अन् हा बाईमाणसाचं काम म्हणते! एक दिवस गेला, दोन गेले. बुधवारी भाजी घ्याले गेली तं तू रस्त्याच्या त्या बाजूले होता, पिशवी घेऊन. मी मान फिरवली. तूही फिरवली असेल, मी पाहिलं नाही. अकरा दिवस. अन् मंग गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन, "कुंदाबाई, या हो लवकर. हे उठूनच नाही राहिले."

हार्ट. म्हणे महिनाभरापासून छातीत दुखत होतं. कोणाले सांगतलं? कोणालेच नाही. वहिनीले म्हणाचा, गॅस आहे. ती ओवा द्याची, काळं मीठ द्याची. अरे, तू स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर अन् मूठ कानाले लावून सांगणारा माणूस, की हे बेअरिंग चार दिवस टिकत नाही, लाइन थांबवा. लोकं शिव्या द्याचे, अन् उघडून पाहिलं की तुझंच खरं निघाचं. अन् स्वतःच्या छातीतला आवाज तुले ऐकू नाही आला? मिक्सरवर टॅग, कूलरवर टॅग, अन् स्वतःवर नाही? एक टॅग गळ्यात घालून दवाखान्यात जाऊन बसाचं होतं रे. कोण अडवत होतं? तीन वर्षं राहिली होती रिटायरमेंटले. वहिनी आता त्या क्वार्टरमधी एका कोपऱ्यात बसून राहते अन् चहा दोन कप ठेवते. हा राग मी कोणावर काढू? तुझ्या फोटोवर काढते. पटत नसेल तं बोल.

आता ऐक काय झालं ते. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं मले मागच्या खोलीत नेलं. म्हणाली, "हे घेऊन जा कुंदाबाई. मले पाहवत नाही." मी म्हटलं, "त्याच्यावर टॅग आहे, वहिनी. मले नाही नेता येत." तं ती, जी तुझ्यासमोर तीस वर्षांत मोठ्यानं बोलली नाही, ती अशी भडकली, "टॅग टॅग काय लावलं दोघा भावंडांनी! माणूस गेला माझा! अन् लटकवून ठेवलेलं वाचलं तरी का तुम्ही एकदा?"

नव्हतं वाचलं. खरं सांगते. पुढचं नाव तेवढं पाहिलं होतं, दारातून. मागची बाजू भिंतीकडे होती, अन् मले वाटत होतं, काय असेल, माझीच नालस्ती असेल.

मी उलटवला. तुझ्या त्या ठोकळ्या अक्षरात, तीन ओळी.

कारण: समोरचा गियर रेशो चुकीचा.
बदलणे चालू.
मोटर ओके.

तारीख भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची. सोमवारची!

म्हणजे सोमवारी तुले माहीत होतं. सोमवारी! अन् बुधवारी तू भाजीची पिशवी घेऊन रस्त्याच्या त्या बाजूले उभा होता. दहा पावलं होती दादा मधी. दहा पावलं चालून "कुंदे, तुझी मोटर बरोबर होती" म्हणाले किती वेळ लागते? मी तिथंच तुझ्या स्टुलावर बसली अन् अशी ओरडून रडली की शेजारचे दाराशी आले. वहिनी पाठीवरून हात फिरवत होती अन् मी तिच्यावरच चिडत होती. आपल्याकडे टॅगवर कोणी खोटं नाही लिहीत, हे तूच शिकवलं. तोंडानं बोललेलं चालते इकडचं तिकडं, टॅगवर नाही चालत. म्हणून तू टॅगवर लिहिलं. अन् तुले वाटलं, झालं काम.

मंग वहिनीनं तुझा मळका टॉवेल उचलला. खाली निळ्या गाडीच्या समोरच्या गियरबॉक्सचं नवं खोकं. जे फुटलं होतं म्हणून आपण सहा वर्षांपूर्वी लालीचं समोरचं धड लावलं होतं, ते. पुरं अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून घासून काढलेलं, आत निळीचे स्वतःचे गियर बसवलेले. मी बोटानं फिरवून मोजलं. मागचं दहा, समोरचं दहा. चार स्क्रूंची जागा. तीन छिद्रं पाडलेली. चौथ्याची फक्त पंच ठोकून केलेली खूण.

"रोज ड्युटीवरून आले की हेच," वहिनी म्हणाली. "घासत बसाचे. घाम येऊन राहिला, थांबून राहिले, पुन्हा घासून राहिले. मी म्हटलं, कुंदाबाईले बोलवा, त्या मदत करतीन. तं म्हणे, झाल्यावर बोलावतो. झालेलं दाखवतो तिले."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. अजून फिरलेलं आहे. छातीत दुखत असताना दहा दिवस कानस ओढली तू! एक "चुकलं" म्हणणं टाळाले! मले खोकं नको होतं रे. मले तू फोनवर खोकलून "काय करते वं" म्हटलं असतं, तं मी त्या मिनिटाले स्कूटी काढून आली असती, अन् तुझा चेहरा पाहून तुले ओढत दवाखान्यात नेलं असतं. मी पाहिलं असतं. वहिनीले गॅस म्हणून फसवलं, मले नसतं फसवता आलं. हे तुले माहीत होतं, म्हणूनच नाही बोलावलं का? सांग ना.

अन् मीही काय मोठी. मीही मान फिरवली ना भाजीवाल्यापाशी. आता एक गोष्ट सांगते, जी तुले सांगतली नाही. पहिली मोटर जळली होती ना, ती मी खोलली तेव्हा सहाव्या दाताच्या कडेवर तारेचं वार्निश खरचटलेलं होतं. माझ्या हातून. बांधताना तार सटकली होती, मी तशीच ओढून घेतली होती. गियरनं तापली हे खरं, पण तिथून आधी फुटली ती माझ्यामुळं. दुसरी मोटर मी डोळ्यात तेल घालून बांधली, तिच्यात काही खोट नव्हती. पण पहिलीची मी गिळून टाकली, कारण तुले सांगतलं असतं तं तू वर्षभर चिडवलं असतं. तुझं "मोटर ओके" वाचलं अन् मले ते आठवलं. तू टॅगवर खरं लिहून गेला, अन् मी खडूनं तुझे फेरे मोजत बसली होती.

एवढं तुले बोलून मी काही दिवस वाट पाहिली, तू नाही आला, मंग चौथं छिद्र मी पाडलं. तुझ्याच हातड्रिलनं, तुझ्याच खुणेवर. थोडं तिरकं गेलं. मोटर तिसऱ्यांदा बांधली, बारा दात, पाच फेरे, सहाव्या दातावर दोनदा थांबून.

पण टॅग? तो तं तुझा. मले तुमच्या मिलच्या फिटर गँगचा दुसरा नियम आठवला, जो तू एकदाच सांगतला होता. टॅग लावणारा सापडतच नसेल तं काय? आधी त्याच्या घरी विचाराचं. मंग मशीनपाशी उभं राहून तीनदा त्याचं नाव घेऊन हाक माराची, आत असेल तं ओ देईन. मंग दोघांनी टॅगवर सही कराची अन् मगच काढाचा. अन् काढलेला टॅग फेकाचा नाही, ज्याचा त्याले परत द्याचा.

घरी विचारलं. वहिनी म्हणाली, "नाहीत घरी." सरळ म्हणाली, साडीच्या पदरानं तोंडही नाही पुसलं.

काल रविवार होता. सकाळी वहिनीले स्कूटीवर मागं बसवलं, तिच्या मांडीवर बग्गी. सहा वर्षांत ती पहिल्यांदा बोरसीले आली. साहू धावत आला. "दीदी, भैया के गाडी ला ले आनेव!" मंग टॅग पाहून त्यानं डोक्यावरचा गमछा उतरवला. मंग हळूच म्हणते, "भैया ह तो कहे रिहिस दीदी, गलती मोर आय." चूक माझी आहे, असं साहूले सांगतलं होतं तू! टायरवाल्याले सांगतलं, अन् सख्ख्या बहिणीले नाही! मी साहूकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागं झाला.

टॅगच्या मागं, तुझ्या तीन ओळींच्या खाली, मी लिहिलं: पहिली मोटर माझ्या हातून जळली. खाली सही, कुंदा. त्याच्या खाली वहिनीनं सही केली, शोभा, सावकाश, पूर्ण नाव. पेन साहूचा.

मंग मी बग्गी ट्रॅकवर ठेवली अन् हाक मारली. दादा, तुझं नाव मी जन्मात कधी घेतलं नव्हतं. मोठ्या भावाचं नाव कोण घेते? काल घेतलं. मुरलीधर! पूर्ण मैदानात ऐकू गेलं. लोकं थांबले. मुरलीधर! वहिनीनं माझा हात धरला. तिसऱ्यांदा आवाज फुटला माझा, पण मारली हाक. थांबली मी. चांगली मिनिटभर थांबली. रोलर फिरवलेली माती, साहूचा गमछा, पलीकडं कोणाची तरी गाडी किरकिरत होती.

तू ओ नाही दिली.

टॅग काढला. स्विच लावला. बारा फेरे पळाली ती, घट्ट मातीवर, समोरचं अन् मागचं सारखं. वळणावर पहिल्यासारखी झपकन फिरत नाही आता, थोडी रुंद जाते. तुझी गोष्ट त्यात खरी होती, समोरून ओढत होती म्हणूनच फिरत होती. हे भांडण आपलं राहून गेलं. थांबल्यावर मी मोटरवर हात ठेवला. कोमट होती. वहिनीचा हात धरून तिच्यावर ठेवला. ती म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, हो, एवढंच.

माफ नाही केलं मी तुले. ते खोकं किती सुंदर घासलं आहे, हे रोज पाहते अन् रोज राग येते. टॅग माझ्या पर्समधी आहे, चष्म्याच्या डबीत, घडी न घालता. ज्याचा त्याले परत द्याचा असते म्हणे.

घ्याले ये.